पाणी कुठवर यायचं

“आजी, पूर्वी खाडीचं पाणी कुठवर यायचं?”

तेजश्रीनं एवढं विचारलं मात्र, सुपातली सुकट निवडणारा राजाबाईचा हात थांबला. पोरगी तशी गोड होती. कॉलेजातून आले म्हणाली, सारसोळ्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडून गावाची हकिगत टेप करून ठेवायचीय म्हणाली, आढेवेढे न घेता चहा प्यायली. पण कुठूनही निघाली तरी पाण्यावरच येत होती.

पाण्याची चौकशी करणाऱ्यांची राजाबाईनं धास्तीच घेतली होती. गेल्या साली असेच दोघे शेजारच्या कोंडिबाकडे आले होते. तेही गोडच बोलले. आपल्याला कुणीतरी काही विचारतंय म्हटल्यावर म्हातारा असा फुलला, की पार घरामागं जाऊन, आपली होडी कुठं बांधायचो ते काठी टेकवून दाखवून आला. झालं! खाडीची जागा ती सरकारची. गणपतीच्या आत त्या जागेवरची कोंडिबाच्या मुलाची खोली जमीनदोस्त झाली. तेव्हापासून गावानं कानाला खडा लावला होता. राजाबाईच्या लेकाच्या दोन खोल्याही मागच्या अंगाला अशाच खाडी बुजवून केलेल्या भरावावर उभ्या होत्या. त्यातल्या एकीत सून पुतळा ओली बाळंतीण होती.

“हितं पानी नव्हतां कदी,” राजाबाई म्हणाली. “पयल्यापासून सुकी जमीन.”

“मग होड्या कुठं असायच्या?”

“लांब. तिकडं.” तिनं कुठंतरी हात केला.

टेपरेकॉर्डरची चक्रं फिरत होती. त्याच्या लाल दिव्यावरून राजाबाईची नजर हटत नव्हती. पोरगी खरंच कॉलेजातली असेलही. पण कोंडिबाच्या त्या पाहुण्यांनी तरी कुठं कपाळावर लिहून आणलं होतं?

“बरं, ते जाऊ दे आजी. तुमचं माहेर दिवाळे गावचं ना? लग्न होऊन इथं कशा आलात? होडीतून? कोळ्यांची वरात भरती बघून निघायची, असं ऐकलंय मी.”

राजाबाईनं सूप पुढ्यात ओढलं. होडीतूनच आली होती ती. भरती चुकू नये म्हणून धवलारणीला लग्नाची गाणी आवरती घ्यायला लावली होती. आणि आता जिथं पुतळाची खाट होती, नेमकी तिथंच नवरदेवानं गुडघाभर पाण्यात उडी टाकली, नवंकोरं धोतर भिजवलं आणि तिला उचलून काठावर ठेवलं. सगळी वरात खो खो हसली होती. पुढं जन्मभर तो माणूस कधी चार गोड शब्द बोलला नाही. पण त्या एका उचलण्यावर तिनं त्याचा संसार केला. तो गेल्यावरही त्यावरच दिवस काढत होती.

सांगून टाकावं, असं फार वाटलं तिला. मागच्या खोलीत बाळ रडलं.

“बैलगाडीत बसून आली मी,” ती म्हणाली.

“बैलगाडीत? कोळ्यांची नवरी?”

“हां. सुकी जमीन. होडी कशी येनार?”

तेजश्रीचा चेहरा जरा पडला. पण तिनं मान डोलावली. मग टेप मागं फिरवून सुरू केली. “ऐका आजी, तुमचाच आवाज.”

पेटीतली बाई खणखणीत बोलत होती. हितं पानी नव्हतां कदी. एवढ्या खात्रीनं, की ऐकणाऱ्यानं शपथ घेऊन खरं मानावं. त्या बाईच्या हिशेबी नवरा कुठं उतरलाच नव्हता पाण्यात. कुणी उचललंच नव्हतं तिला.

तिनं दाराकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला. “पोरी, ही टेप पुसता येते का गं?”

“छे छे! अजिबात टेन्शन घेऊ नका आजी.” तेजश्री हसली. तिनं कॅसेट बाहेर काढली आणि पेनाच्या टोकानं तिच्या कडेची प्लॅस्टिकची खुंटी कट्कन मोडली. “आता हिच्यावर कुणालाच दुसरं काही भरता येणार नाही. तुम्ही सांगितलंत, तेच कायम राहील.”