जाळीपलीकडची पंगत

काट्यावर कोंबडी ठेवून नवरा वजन वाचायचा आणि माझा चेहरा आणखी उतरायचा. जाळीच्या अलीकडची सव्वादोन किलो. पलीकडची? तीही सव्वादोन.

शेडमध्ये मधोमध जाळी बांधून मी महिनाभर अलीकडच्या पिल्लांच्या खाद्यात ओव्याचं आणि दालचिनीचं तेल मिसळलं होतं. पलीकडच्यांना साधं खाद्य. फरक दिसला नाही तर तेल बंद, असं आमचं ठरलं होतं. त्यात महिन्याची बाटली पंधरा दिवसांत संपली, म्हणून दुकानदाराशी भांडून मी दुसरी आणली होती.

"झालं समाधान? आता तेल बंद," नवरा म्हणाला.

"तेलाला नावं ठेवू नकोस," दारातून सासूबाई म्हणाल्या. "पलीकडच्यांना मी घालत होते. रोज दुपारी."

"आई! का पण?" नवरा ओरडला.

"एका पंगतीत असं डावं-उजवं करतात का? ती बिचारी जाळीला चोच लावून बघत बसायची. मला नाही बाई पाहवलं."

मी कपाळाला हात लावला. नवरा मात्र भिंतीवर खडूने लिहिलेलं मागच्या, बिनतेलाच्या खेपेचं वजन बघत होता. तेवढ्याच दिवसांत एक किलो नऊशे! तो जोरात हसायला लागला.

"पुढच्या खेपेला नीट प्रयोग करू," मीही हसत म्हणाले. "अर्ध्यांना तेल, अर्ध्यांना नाही."

"कुठल्या अर्ध्यांना नाही?" सासूबाईंनी विचारलं.

मी जाळीच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग खाली वाकून तिची गाठ सोडायला लागले. दुसऱ्या टोकाची गाठ त्यांनी आधीच सोडली होती.