माझ्या देखत

"साहेब, अजून उघडा तोंड," शकुन म्हणाली.

दोन बोटांच्या वर ते उघडत नव्हतं. डॉक्टर किसनराव स्वतःच्याच दवाखान्यात, स्वतःच्याच खुर्चीत आडवे झाले होते. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या निम्म्या लोकांच्या दाढा त्यांनी याच खुर्चीत उपटल्या. आज त्यांची खालची दाढ सडली होती. दोन दिवस पेनिसिलिनच्या सुया घेऊनही सूज गालावरून हनुवटीखाली उतरली. ती गळ्यात शिरली की श्वास बंद होतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. दाताचे दुसरे डॉक्टर लग्नाला परगावी. नागपूरची गाडी संध्याकाळी. उरली शकुन. तेल्हाऱ्याची पोर, मुंबईहून दातांची डॉक्टर होऊन आलेली, हात बसवायला सहा महिने त्यांच्याकडे होती.

"खालची दाढ किती खेपा काढली तू?" त्यांनी दातांतल्या दातांत विचारलं.

शकुननं उकळत्या पाण्यातून चिमटा काढला. "कागदावर बारा."

"आन हातानं?"

"एकबी नाई, साहेब."

खोटं नव्हतं ते. पेशंट बसला, शकुननं चिमटा उचलला, की किसनराव मागून यायचे. "सरक. तुह्या हातानं सांज होईन." मग पोरीनं दिवा धरून उभं राहायचं. दाढ तसराळ्यात पडली की साहेब तिच्या कागदावर लिहायचे, 'माझ्या देखत केले.' खाली झोकदार सही. शिकवण्याचा तोरा मोठा, त्याला लागणारा धीर काडीचा नाही. गेल्या साली, एकसष्टात, श्रावण नावाचा पोरगा अशाच बारा सह्या घेऊन तिवशाच्या दवाखान्यात एकटा जाऊन बसला. महिन्याभरापूर्वी त्याचं एक कार्ड आलं होतं. "असंन काईतरी विचारत. शिकू दे त्याचं त्याले," म्हणत साहेबांनी ते न वाचताच भिंतीवरच्या तारेला टोचलं होतं.

दारात पार्बताबाई उभ्या होत्या, साहेबांच्या घरच्या.

"बारा सह्या करतानी हात नाई दुखला तुमचा?" म्हणाल्या. आत गेल्या, नवऱ्याचा दाढीचा आरसा आणला आणि त्याच्या हातात कोंबला. "घ्या. लिवता तर रोज. आज देखाबी."

शकुननं बधिर करायची सुई दिली. सुजलेल्या हिरडीला ती पुरती लागली नाही. चिमटा दाढेवर बसला आणि निसटला. पुन्हा बसला, पुन्हा निसटला. किसनरावांचा हात सवयीनं वर आला, चिमटा हिसकायला. पार्बताबाईंनी मनगट धरलं.

"म्हना आता, सरक म्हना."

सरकून जाणार कुठं? ते आरशात पाहत राहिले. पोरीचं काय चुकतंय ते त्यांना तेव्हा कुठं दिसलं. ती ओढत होती. दाढ ओढायची नसते, आधी हलवून सैल करायची असते. हे त्यांच्या हाताला तीस वर्षं माहीत होतं. तोंडातून एकदाही निघालं नव्हतं. त्यांनी बोटानं खूण केली. गालाकडे. जिभेकडे. पुन्हा गालाकडे. थांब. शकुनचा घाम त्यांच्या कपाळावर टपकला. दाढ कटकन सुटली, मागोमाग पू आणि रक्त.

"थुका," शकुन म्हणाली, आणि तिथंच जमिनीवर बसली.

पार्बताबाईंना हसू आलं. "चला, एक तरी खरी झाली."

किसनराव हसले नाहीत. तोंडात कापूस, तसेच उठले. भिंत धरत धरत तारेपाशी गेले आणि श्रावणचं कार्ड उपसलं. अक्षर नीटस होतं.

'साहेबांस नमस्कार. येथे एका बाईची खालची दाढ सडली आहे. सूज गळ्याकडे उतरत आहे. मी अशी दाढ कधी काढलेली नाही, आपणांस ठाऊकच आहे. येत्या बुधवारी याल काय? आपण याल या भरवशावर बाईला थांबवून ठेवले आहे.'

तो बुधवार होऊन तीन आठवडे झाले होते.