मेथीच्या गाठी

"आत जा आणि सही घेऊन ये," सुयोग म्हणाला. "पाचच्या आत पत्र मेल झालं नाही तर जागा गेली."

दर्शनाने मान वर केली नाही. मेथीच्या मुळावरची मोहरीएवढी गाठ ती ब्लेडने उभी कापत होती. आतून गुलाबी निघाली. म्हणजे कामावर होती.

अशा गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन मेथीला देतात, मेथी त्यांना साखर देते. व्यवस्था उत्तम आहे. फक्त एकदा आत घेतलं की मेथी त्यांना इतकं फुगवते की त्यांची संख्या वाढत नाही आणि त्यांना बाहेर पडून जगताही येत नाही. याच विषयात दर्शनाला पीएचडी मिळाली होती. त्याला सहा वर्षं झाली. ती अजून मुलुंडच्या त्याच लॅबमध्ये, पीएचडीच्या गाइड सरांच्याच प्रोजेक्टवर होती. प्रयोग संपला की पाला सरांच्या घरी भाजीला जायचा. मुळं दर्शनाकडे राहायची.

सुयोग या लॅबमधून सुटून रत्नागिरीच्या एका कॉलेजात लागला होता. सुट्टीत घरी आला होता. तिथे त्याने तिच्यासाठी शब्द टाकला होता. कायमची नोकरी, राहायला क्वार्टर. हवं होतं ते फक्त सरांचं ना हरकत पत्र.

"म्हातारा मला सोडत नाही रे," दर्शना म्हणाली. "चारदा मागून झालं."

"मग मी येतो ना आत. दोन शिव्या घालतो."

"तू गप बस. चहा घे."

टाइप केलेलं पत्र घेऊन ती केबिनमध्ये गेली. सुयोगचा चहा निवायच्या आत परत आली. पत्राची घडी हातातच होती.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले. मंगळवारी रोपांना पाणी कोण घालणार, विचारतात."

सुयोगने सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "जळू आहे गं हा माणूस. तुझ्या आयुष्याची पार वाट लावली."

दर्शनाला जरा बरं वाटलं. दरवेळी वाटायचं.

तो गेल्यावर तिने ड्रॉवर उघडला आणि पत्र उलगडून आधीच्या चार पत्रांवर ठेवलं. वरच्या पत्रावरची सरांची सही ताजी होती. खालच्या चारांवरची केव्हाच फिकी पडली होती.