उचलेल त्याची गाडी

क्लेमनं नातीची मोटरसायकल हलकेच ढकलून शेडपुढच्या धुळीत आडवी पाडली आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"उचल."

शेडच्या दारावर त्यानंच रंगवलेलं होतं: पडलेली गाडी ज्याला एकट्यानं उचलता येईल, त्यानंच ती चालवावी. फार्मच्या पार टोकाला पाय गाडीखाली सापडला, तर हाक ऐकायला फक्त मेंढ्या असतात, आणि मेंढ्या मनावर घेत नाहीत. शेडमधली चार चाकांची मोटरसायकल कुणालाच उचलता आली नव्हती. आता तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत.

उद्या पहाटे मेंढ्या गोळा करायला निघायचं होतं. दहा वर्षांच्या ब्रायडीला स्वतःच्या गाडीवरून जायचं, तर आज ती उचलायलाच हवी होती. सहा आठवडे ती रोज संध्याकाळी हरली होती, आणि क्लेम रोज म्हणाला होता, "उद्या बघू." सहा आठवडे ती रोज सकाळी बिशप नावाचा मेंढा उचलायचा सराव करत होती. पहिल्या आठवड्यात बिशप पळायचा. आता ती दिसली, की आपणहून आडवा पडायचा.

ब्रायडीनं हेल्मेटचा पट्टा आवळला. गाडीकडे पाठ केली, कंबर सीटला टेकवली. एका हातात हँडल, दुसऱ्यात मागची दांडी. गुडघे वाकवले, पाठ ताठ. मग दात आवळून इंच इंच मागे सरकत राहिली.

गाडी उभी राहिली.

"पास," क्लेम म्हणाला.

"माझ्या मागेच राहायचं," पायरीवरून तिची आई लोर्ना म्हणाली. "पुढं गेलीस तर कोंबड्यांबरोबर बसशील."

ब्रायडी गाडीला टेकून धापा टाकत होती. "आता तुमची, आजोबा."

"माझी कशाला? साठ वर्षं चालवतोय मी."

"दारावर वर्षांचं काही लिहिलेलं नाही."

क्लेमनं आपल्या मुलीकडे पाहिलं. लोर्नानं चहाचा मग तोंडापुढे धरला. "चष्मा आणून देऊ का, बाबा? अक्षर तुमचंच आहे."

क्लेमनं आपली गाडी आडवी केली. पहिल्यांदा ती गुडघ्यापर्यंत आली आणि परत गेली. दुसऱ्यांदा घोट्यापर्यंत. तिसऱ्यांदा फक्त क्लेम उभा राहिला.

त्यानं पँटवरची धूळ झटकली.

"उद्या बघू," ब्रायडी म्हणाली. "नाही जमलं तर पिकअपमध्ये कुत्र्यांशेजारी बसा. पट्टा लावून."

पहाटे ब्रायडी गाडी काढायला आली, तेव्हा क्लेम हेल्मेट घालून मेंढ्यांच्या कुंपणात उभा होता. गुडघे वाकवलेले, पाठ ताठ.

बिशपनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आडवा पडला.