घोंगडीच्या घड्या

खोगीर पाठीवर टेकताच तरुण घोडी बारकूदादांना चावायला वळली.

“माजलीय, डॉक्टरीणबाई. उद्या गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकतो.”

मी खोगिराखाली हात घालू पाहिला. बोटंही आत जाईनात. वर्षभरात घोडीचे खांदे भरले होते, खोगीर मात्र जुनंच होतं. ते टोचू नये म्हणून दादांनी खाली घोंगडीच्या तीन घड्या घातल्या होत्या.

“दादा, घट्ट बुटात जाड मोजे घातल्यासारखं झालंय हे.”

दोन घड्या काढून मी पुन्हा खोगीर चढवलं. घोडीनं नुसते कान हलवले.

दादांनी स्वतः बोटं घालून पाहिली. “चावली की मी आणखी एक घडी वाढवायचो,” ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला. “नका येऊ उद्या. घोडीचं काही चुकलं नव्हतं.”