आधी पाचवा भाग

आमच्या सासूबाईंची आवडती भयकथामाला म्हणजे सुनेच्या भुताच्या पाच कादंबऱ्या. तीनदा वाचून झाल्या, पण भूत कितीही किंचाळलं तरी यांचा केससुद्धा हलत नाही. "ह्यॅ! याला भीती घालताच येत नाही," असं लेखकाला सुनावायच्या आणि त्याच दमात चहा पाणचट झाल्याचं मला.

यंदा मीच सुचवलं, "आई, या वेळी घटना घडल्या त्या क्रमाने वाचा ना. पाचवा भाग आधी घ्या." भुताची सुरुवातीची हकिगत लेखकाने अगदी शेवटी लिहिली आहे. त्यात भूत नाहीच, नुसती सून आहे. पहाटेपासून राबणारी, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी आणि चहावरूनसुद्धा सासूची बोलणी ऐकणारी.

दुपारी बघते तर पुस्तक पालथं पडलेलं आणि सासूबाई पंख्याखाली घामाघूम.

"काय हो आई, भूत आलं वाटतं?"

"छे गं! अजून जिवंत आहे ती."

मग माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. आणि लग्नानंतर अकरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं,

"तू जेवलीस का गं?"