बाल्कनीतला खोकला

"नाही जमणार. उद्या मी स्टेजवर पाय ठेवणार नाही." राजे पलंगावर बसले ते बसलेच.

आयुष्यभर राजाच्या भूमिका केल्या म्हणून गाव त्यांना राजे म्हणायचं. गावातलं नाट्यगृह आधी धान्याचं गोदाम होतं. मग तिथं नाटकं आली, मध्येच सिनेमा घुसला, पुन्हा नाटकं आली. आता उद्या शेवटचा प्रयोग आणि परवा कुलूप.

"का हो? घसा बसला की काय?" बायकोनं गुडघ्याला तेल चोळत विचारलं.

"दिवाण गेला ना!"

दिवाण म्हणजे राजांचा जुना प्रतिस्पर्धी. पहिल्याच नाटकात राजे वाक्य विसरून थिजले होते, तेव्हा बाल्कनीतून कुणीतरी खवचट खोकलं. राजांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्या तिरीमिरीत त्यांनी थिएटर दणाणून सोडलं. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला तो खोकला ठरलेला. हे दिवाणाचंच काम, याबद्दल राजांना तिळमात्र शंका नव्हती.

"मेल्यानं जन्मभर छळलं आणि ऐन वेळी दगा दिला." राजांचे डोळे भरून आले. "तो खोकल्याशिवाय मला वाक्यच फुटत नाही गं."

"अगंबाई! खोकल्यावाचून अडलं होय तुमचं? मला नाटकातलं काही कळत नाही, पण लोकांनी तिकिटं काढलीत. जा गुमान."

ती नाटकाला कधीच येत नसे. गर्दीत जीव घुसमटतो म्हणे.

दुसऱ्या दिवशी राजे स्टेजवर आले. दिवे अंगावर पडले. तोंड उघडलं, पण शब्द नाही. पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मुकुटाखालून घाम निथळू लागला.

तेवढ्यात वरून खोकला आला. तोच, तस्साच खवचट.

राजे दचकले. 'मेला तरी पिच्छा सोडत नाही लेकाचा!' मान ताठ झाली, आवाज चढला आणि राजे असे काही बरसले की शेवटी टाळ्या थांबता थांबेनात.

टाळ्या चालू असतानाच बाल्कनीच्या अंधाऱ्या जिन्यावर म्हाताऱ्या डोअरकीपरनं हात पुढे केला.

"सांभाळून, काकू. उतरताना गुडघे जास्त दुखतात."

"हळू बोला हो. नेहमीसारखं त्यांच्या आधी घरी पोचायचंय मला."